सगळी वाद्यं थांबली तेव्हा

"पळ वं पोरी, बाहेर पळ!" मी भर सभागृहात उभी राहून ओरडले. नेमक्या त्याच क्षणी सगळी वाद्यं एकदम थांबली होती, त्यामुळे माझा आवाज थेट मंचावर गेला. तिथे व्हायोलिन घेऊन माझी नात बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या काडीवाल्या माणसाने हात हलवला, बाकीचे वाजवू लागले. तिचा गज उशिरा पडला.

"इले पास कोणं देल्ला?" मागची बाई म्हणाली. "भजन समजून आली वाटते."

मी खाली बसले.

मुंबईहून आलेल्या साठेक वादकांत नागपूरच्या तिघांना घेतलं होतं, त्यातली माझी नात एक. तीन महिने घरात याच कार्यक्रमाचा सराव चालला होता. दोनशे वर्षांपूर्वी हे रचलं तेव्हा विलायतेत असं संगीत दुसरं कोणी रचतच नव्हतं, पहिल्यांदा ऐकणारे लोक बिचकले होते, असं ती सांगायची. पण घरी ती एकटी वाजवायची. सगळे मिळून असे थांबतात, हे मला ठाऊक नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ती स्कूटीपाशी आली. डोळे लाल.

"आजी, काहून ओरडली वं?"

"आग लागली वाटलं."

"कुठं होती आग?"

"कामठीले."

कामठीत आमची बारा यंत्रमागांची शेड होती, आम्ही बायाच चालवायचो. माग सुरू असले की हाक ऐकू येत नसे, हातानेच खुणवायचो. त्या दुपारी सगळे माग एकदम थांबले. लाइट गेली असं समजून बाया हसल्या. वरच्या तारेतली ठिणगी सुताच्या गठ्ठ्यावर पडली, ती दाराजवळच्या मला एकटीला दिसली. माझी नणंद पार टोकाला होती. पाठ करून तुटलेला धागा जोडत होती.

"तू हाक मारली होती ना तिले," नात म्हणाली. "मागांच्या आवाजात तिले ऐकू नाही गेलं."

घरी मी पन्नास वर्षं हेच सांगत आले.

"आवाज नव्हता," मी म्हटलं. "माग बंद होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही, पळाली."

तिने किल्ली स्कूटीला लावली, पण फिरवली नाही.

"आत किती जणी होत्या?"

पाच होतो. त्यातली मी एकटी वाचले.