जुनं पॅकिंग

रोह्यातला आमचा मेकॅनिक कधी आवाज चढवत नाही. गिऱ्हाईक लहान असलं तरी 'दादा' म्हणतो. भावाच्या जुन्या जीपचं इंजिन बांधताना त्याने हेडखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, नवं पॅकिंग घातलं नाही, जुन्यालाच सीलंट फासलं. "काय नाय होत, दादा."

पुढच्याच महिन्यात अडलेल्या वहिनीला पेणला नेताना कासूजवळ ते पॅकिंग फाटलं, रेडिएटरचं पाणी इंजिनात शिरून जीप बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत बाळ पोटातच गेलं.

जीपचं इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा मेकॅनिक हळूच भावाला म्हणाला, "दादा, गाडी लय तापवलीत तुम्ही."

मी ते फाटलेलं पॅकिंग उचलून भावासमोर धरलं. त्याने पाहिलंच नाही. "व्हय, चूक माझीच," एवढंच म्हणाला.

मेकॅनिकने त्याच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.