मागच्या भिंतीतलं दार

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, पस्तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायच्या. साहेब म्हणाले खिडकी खोडा, खोडली. जिना हलवा, हलवला. ऑफिसात त्यांना ‘खोडरबर’ म्हणायचे आणि वन्सं उलट हसायच्या! माझं डोकं फिरायचं. “अहो वन्सं, कधीतरी नाही म्हणा की!” तर म्हणे, “वहिनी, नाही म्हणायचा पगार मिळत नाही.”

निवृत्त झाल्यावर तरी माणसानं घरी स्वस्थ बसावं. छे! शहराबाहेरच्या निर्वासितांच्या वस्तीत पाच-सहा आर्किटेक्ट दर रविवारी फुकट राबून सभागृह बांधणार होते. मातीच्या विटा, जुन्या घरांतून काढलेल्या खिडक्या, पावसाचं पाणी साठवणारं छप्पर. वन्सं त्यांना जाऊन मिळाल्या आणि मलाही ओढलं. या वयात मी विटांचा चिखल तुडवला, बोला!

आखणीच्या दिवशी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून अख्खी खोली काढली. आर्किटेक्ट मंडळींनी वस्तीतल्या बायकांना बोलावलं, “या, आत बसून बघा.” एवढी ऐसपैस जागा, पण सगळ्या जणी दारासाठी सोडलेल्या जागेपाशीच दाटीवाटीनं बसल्या. “लाजतात बिचाऱ्या,” मंडळी म्हणाली. लाजतात, डोंबल! वन्संनी तिथल्या म्हाताऱ्या सुईणीला सरळ विचारलं. ती म्हणाली, “आमच्या गावच्या शाळेला एकच दार होतं. शाळा पेटली तेव्हा आम्ही दारापाशी होतो, म्हणून वाचलो.”

वन्संनी चुन्याचं घमेलं उचललं, मागची रेघ पायानं पुसली आणि तिथं दुसरं दार काढलं. मग नकाशातही काढलं.

पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब नकाशा बघून भडकले. “एकच दार हवं. कोण आलं, कोण गेलं, नोंद ठेवायची असते. हे खोडा.”

आर्किटेक्टांचा म्होरक्या, एवढा शिकलेला माणूस, मान खाली घालून म्हणाला, “ताई, सध्या खोडू या. नंतर करू दार.”

“नंतरचं दार म्हणजे भिंतच,” वन्सं म्हणाल्या. “मी नाही खोडणार.”

मी आ वासून बघतच राहिले. अस्सा आनंद झाला म्हणून सांगू!

भिंती कमरेएवढ्या चढल्या. गवंड्यांनी मागच्या दाराची जागा मोकळीच ठेवली होती. एका रविवारी साहेब पुन्हा आले. “आत्ताच्या आत्ता हे बुजवा, नाहीतर उद्यापासून काम बंद!” गवंड्यानं नाइलाजानं वीट उचलली. तशा वन्सं गेल्या आणि त्या जागेत फतकल मारून बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, पण बसल्या. मग मीही बसले, चिखलाच्या पायांनी तशीच. सुईण आली. तिच्यामागून बाकीच्या बायका आल्या.

“किती वेळ बसणार आहात?” साहेब ओरडले.

सुईण म्हणाली, “आम्ही अकरा वर्षं तंबूत बसलोय. तुम्हाला किती वेळ आहे?”

म्होरक्या आमच्याकडे बघत उभा होता. त्यानं गाडीतून नकाशा आणला, साहेबांसमोरच त्यावर सही केली आणि म्हणाला, “सही दोन दारांवर केलीय. एका दारावर मिळणार नाही.” मग सुताराला फोन लावला.

साहेब तणतणत निघून गेले. आम्ही मात्र हललो नाही. सुतार चौकट घेऊन आला, तेव्हाच त्याला जागा द्यायला उठलो.