बसऱ्याहून आलेला बत्ता

शेंगदाण्याच्या चटणीची दुसरी खेप उखळात पडली होती, तेवढ्यात दारावर थाप आली. "ढकला की, उघडंच हाय!" म्हणत सोजरबाईनं बत्ता आणखी दोनदा हाणला. आत आले ते हवालदार शिवयोगी. उखळाकडे नजर गेली मात्र, दोन पावलं मागे सरले.

"अव्वा," ते अगदी हळू म्हणाले, "हातातलं सावकाश खाली ठेव."

सोजरबाईचा बत्ता म्हणजे तोफेचा गोळा होता. वीतभर उंच, मनगटाहून चांगला जाड. तिचा नवरा तिप्पण्णा मोठ्या लढाईत इंग्रजांच्या तोफखान्याची खेचरं हाकायला होता. बसऱ्याहून येताना त्यानं तो घोंगडीत गुंडाळून आणला. दर दसऱ्याला गोळा पाटावर बसायचा, त्याला झेंडूची माळ पडायची आणि तिप्पण्णा गल्लीला ऐकवायचा, "तुर्काचा गोळा! माझ्या अन् खेचराच्या मधोमध पडला, फुटलाच न्हाय. मी खेचराकडं बघतोय, खेचर माझ्याकडं!" दसरा सरला की गोळा पुन्हा चटणी कुटायला. तिप्पण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. आता ती गोष्ट सोजरबाई सांगे, खेचराच्या सुस्काऱ्यासकट.

समोरच्या रंभाबाईचा मात्र त्या गोष्टीवर कधीच विश्वास बसला नव्हता. तिनंच चौकीवर वर्दी दिली होती. गोळा खरा असेल तर गल्लीतून न्या, नसेल तर तसं चारचौघांत सांगा.

"म्हंजे एक तर माझा बत्ता गेला," हवालदारांकडून हे ऐकून सोजरबाई म्हणाली, "न्हायतर मालकाचा शब्द गेला. लई हुशार हाय रांड!"

शिवयोगी स्वतः लढाईत तोफेवर होते, म्हणून साहेबांनी त्यांनाच धाडलं होतं. त्यांनी गोळा मांडीवर घेतला आणि ओल्या फडक्यानं चटणी पुसायला लागले. तिखट नाकात गेलं. अशी सणसणीत शिंक आली की दोघंही डोळे मिटून बसले. काही झालं नाही.

"पंधरा वर्सं हाणतीया मी त्याला," सोजरबाई एक डोळा उघडून म्हणाली. "तुमच्या शिंकेला काय भितोय त्यो!"

बुडाशी तांब्याचं कडं निघालं. त्यावरच्या तिरप्या खाचांवरून हवालदारांनी बोट फिरवलं. गोळा तोफेतून सुटला की नळीच्या आतल्या आट्यांनी अशा खाचा पडतात. बुडाखाली इंग्रजी अक्षरं होती. तोंडाला लाखेनं बसवलेली लाकडी गुडदी त्यांनी चाकूनं उचकली आणि गोळा उपडा केला. मूठभर वाळू पडली.

"चटणीत पडली न्हाय, मिळवलं," सोजरबाई म्हणाली.

हवालदारांनी घसा साफ केला. "अव्वा, ह्यो आपल्याच तोफेचा हाय. ह्यो हवेतच फुटतो, आतले छरे पुढं उडत्यात अन् रिकामं भांडं खाली येतं. तितं मैदानात मोप पडलेली असायची."

"तुर्काचा न्हाय?"

"न्हाय."

"मधोमध पडला नसंल?"

"उचलून आणला असंल, वाळू मागनं भरली असंल."

"आन् खेचर?"

"खेचरं व्हती की! लई."

सोजरबाई वाळूकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. हवालदार घाबरले, पण ती हसत होती, पदर तोंडात कोंबून.

"लगीन ठरलं तवा मालक म्हणालं व्हतं, घरी दोन म्हशी हायत. येऊन बघती तर एक शेळी. ती बी शेजाऱ्याची!"

बाहेर गल्ली जमली होती. रंभाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "हवालदारसाहेब, काय ठरलं? खरा का खोटा?"

सोजरबाईचं हसू तिथंच थांबलं. तिनं वाळू गोळा करून पुन्हा आत भरली, गुडदी ठोकली आणि दाराकडे निघालेल्या हवालदारांच्या आडवी आली.

"दादा, कागदावर खरं काय ते लिवा. बाहेर मात्र येवढंच म्हणा, गोळा तुर्काचा हाय, आता आत दारू न्हाय."