साक्षीदाराच्या शोधात खालापूर-कर्जत

आमची बस घाट उतरून खालापूरच्या टोलनाक्यापाशी थांबली, तेव्हा ऊन चढलं होतं. मी आणि माझी बायको सुनीता, आम्ही दोघंच उतरलो. साताऱ्यात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. माल आणायला मी याच रस्त्यानं कितीदा तरी मुंबईला गेलोय, पण इथं कधी उतरलो नव्हतो. सुनीता मात्र याच भागात वाढली, कर्जतकडच्या एका गावातल्या अनाथ मुलांच्या संस्थेत. "तिथं मारायचे," एवढंच ती लग्नानंतर एकदा बोलली होती.

अत्याचार सोसलेल्यांना मदत देणारी सरकारी योजना आहे, असं तिला कळलं आणि अर्ज करायचाच असं तिनं ठरवलं. खालापुरात मोफत सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी तिचं म्हणणं एकटीला बसवून ऐकलं. मी बाहेर टपरीवर चहा पीत थांबलो. मला आत बोलावलं तेव्हा वकीलबाईंचा चेहरा उतरला होता.

"अर्ज करू या," त्या म्हणाल्या. "पण संस्था बंद पडून वर्षं झालीत. डोळ्यांनी पाहिलेलं कुणी मिळालं, तर बळ येईल."

"एक बाई आहे," सुनीता म्हणाली.

आम्ही रिक्षा केली. भात कापून झालं होतं. खाचरांतून उडव्या (भाताच्या भाऱ्यांचे रचलेले ढीग) उभ्या होत्या आणि मोकळ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल उगवून आला होता. पलीकडे डोंगराची निळी कड. "काय देखणा मुलूख आहे गं!" मी म्हणालो. ती रिक्षावाल्याला पुढचं वळण सांगत होती.

गावात शिरल्यावर आम्ही पुढं निघून गेलो आणि परत वळावं लागलं, कारण संस्था ओळखूच येत नव्हती. तिथं आता शनिवार-रविवारी भाड्यानं देतात तसला बंगला होता, समोर पोहण्याचा तलाव. वॉचमननं आत सोडलं. सुनीता सरळ मागच्या बाजूला गेली. हिरवळीत एक लोखंडी झाकण होतं.

"ह्यात ठेवायचे," ती म्हणाली.

"काय ठेवायचे?"

"आम्हाला. पाण्याची टाकी रिकामी असली की. वरून झाकण लावून."

इतक्या वर्षांच्या संसारात घरातलं एकही दार ती पुरतं लावू देत नाही, याची मी पाहुण्यांपुढं थट्टा करत आलोय.

रस्त्यापलीकडच्या घरात ताराबाई राहत होत्या, संस्थेत स्वयंपाक करायच्या त्या. सुनीताला पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या. "सुनी ना गं तू?" मग त्यांनी आम्हाला जेवायलाच बसवलं. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. सुनीता जेवली. मी भाकरीचे तुकडे करत बसलो.

"टाकीचं तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"आख्ख्या गावाला म्हाईत व्हतं. पोरांचं रडणं यायचं ना रस्त्यावर."

"मग कुणीच कसं बोललं नाही?"

"माजी दोन पोरं तिथंच जेवायची रं बाबा."

सुनीतानं हात धुतले. "ताराबाई, आता बोलाल का?"

त्यांचा मुलगा दारात उभा होता. "आये, कशाला या भानगडीत पडतेस? तुला बरं नाय."

म्हातारी आत गेली. संपलं सगळं, असं मला वाटलं. पण ती धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आली आणि चपला शोधू लागली.

वकीलबाईंपुढं ताराबाई पदर सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "पोरांना टाकीत उतरवायचे ते संस्थेचे साहेब. झाकण मी लावायची. ते सांगायचे, मी लावायची."

मी खुर्चीतून उठलोच. ज्या हातानं हिनं झाकण लावलं, त्याच हातची भाकरी सुनीतानं माझ्यासमोर खाल्ली होती. सुनीतानं माझा दंड धरून मला खाली बसवलं. ती दचकली नव्हती.

वकीलबाईंनी दोघींचे जबाब घेतले. त्यांनी सांगितलं की निकालाला वेळ लागेल आणि मिळेलच याची खात्री देता येणार नाही. आम्ही ताराबाईंना रिक्षात बसवून दिलं. जाताना त्यांनी सुनीताच्या गालाला हात लावायला हात पुढं केला, पण लावला नाही.

परतीची बस घाट चढू लागली तेव्हा मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"झाकण लावताना वर तिचाच चेहरा दिसायचा."

"आणि तरी तिच्याकडेच गेलीस?"

"आत कोण होतं, हे दुसऱ्या कुणी पाहिलंय?" ती म्हणाली.

माणसं हा रस्ता हवापालटासाठी धरतात. मीही घरी जाऊन हिरवळीचं, डोंगरांचं वर्णन करू शकलो असतो. पण कुणी विचारलंच, तर मी सांगतो की तिथल्या एका गावानं मुलांचं रडणं ऐकलं आणि ते गाव जेवायला बसलं.