दाराच्या दोन बाजू

नागपूरच्या कॉलेजात आम्हाला पाच मिनिटांची फिल्म करायची होती. अट एकच: दोन माणसं बोलतायत, शॉट तुकड्यातुकड्यांत घेतलेत, पण बघणाऱ्याला जोड दिसता कामा नये. बाकीच्यांनी होस्टेलमधले मित्र घेतले, मैत्रिणी घेतल्या. मी माझे आईबाबा घेतले. ते दोघं चार वर्षं एका छपराखाली नव्हते, आणि माणसं वेगवेगळ्या जागी शूट करून समोरासमोर आणता येतात हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना.

बाबा मध्य प्रदेशात, बालाघाटला, सरकारी ऑफिसात बाबू. आई उकव्याला मामाकडे. मामा मँगनीजच्या खाणीत कामाला. भांडण कशावरून झालं ते मला विचारू नका, मलाही धड कधी कळलं नाही. आई रागावून माहेरी गेली, एवढंच. आमच्याकडे रागावून गेलेली बाई आपल्या पायांनी परत येत नाही, नवऱ्यानं घ्यायला जावं लागतं. बाबा म्हणायचे, "म्या थोडीच पाठवलं तिले? गेली तशी येईन." आई म्हणायची, "त्याइनं दाराशी येऊन नुसतं चाल म्हणावं." मध्ये बसचे दीड-दोन तास, आणि तेवढ्यावर माझं घर अडून बसलं होतं. सुट्टीत अर्धे दिवस इकडे, अर्धे तिकडे, आणि दोन्हीकडे मला दुसऱ्याची खबर विचारत, तीही भाजीचा भाव विचारल्यासारखी.

म्हणून गोष्ट मी तीच लिहिली. नवरा दाराशी येतो, म्हणतो, "चाल, घरी चाल." बायको म्हणते, "थांबा, पिशवी घेते." संपलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. दोघांनाही मी सांगितलं, मार्कांचं काम आहे.

लग्नांच्या शूटिंगवाल्याकडून कॅमेरा आणला. बाबा शर्ट इन करून आमच्या दाराबाहेर उभे राहिले आणि ऑफिसातल्या हिंदीत म्हणाले, "चलो, घर चलो." चपराशाला फाईल आणायला पाठवावं तसं.

"बाबा, मराठीत म्हणा ना."

"तेच तं म्हणून राह्यलो."

दार एकच वाटावं म्हणून आमच्या दाराचा पडदा काढून उकव्याला नेला आणि मामाच्या दाराला लावला. आईनं त्याची कड चाचपली. तिनंच शिवलेला होता. "धुतला नाई वाटते कोणी," म्हणाली. मग पडद्याशी उभी राहून तिनं वाक्य म्हटलं, एकदाच, आणि ते असं म्हटलं की कॅमेरा बंद करायचं मला सुचलं नाही.

नागपूरला एडिटिंगला बसले तेव्हा घोटाळा कळला. दोन माणसांमध्ये एक रेघ आहे असं धरायचं आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, म्हणजे एक उजवीकडे बघतो, दुसरा डावीकडे. मी रेघ ओलांडली होती. स्क्रीनवर दोघंही उजवीकडेच बघत होते. सर म्हणाले, "हे बोलत नाहीयेत, एकाच बसची वाट बघतायत." वर्ग हसला. मला मात्र भयंकर राग आला, आणि तो सरांचा नव्हता. घरी चार वर्षं तेच तर चाललं होतं. दोघांची तोंडं एकाच बाजूला, माझ्याकडे.

परत बालाघाटला येऊन बाबांना पुन्हा उभं केलं. या वेळी नजर नेमकी हवी म्हणून कपाळाची टिकली काढून दाराच्या चौकटीला लावली. "बाबा, हिच्याकडे बघून म्हणा. इथं ती उभी आहे."

बाबांनी टिकलीकडे पाहिलं. मग पुढे आले, टिकली नखानं काढली आणि चार बोटं खाली चिकटवली. "इतकी उंच नाई ती," म्हणाले. जागेवर परत गेले आणि म्हणाले, "चाल. घरी चाल." या खेपेला आवाज खाली आला होता. मी कॅमेऱ्यामागे रडत होते आणि मनात म्हणत होते, जमलं, जमलं.

फिल्म खरंच जमली. सर म्हणाले, जोड कुठं आहे तो दाखव. मी ती घेऊन थेट उकवा गाठलं आणि मामाच्या टीव्हीला कॅमेऱ्याच्या वायरी लावल्या. आईनं पाहिली. पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा.

"बाई, सिनेमा हाय तो," मामा म्हणाला.

"मले समजते," आई म्हणाली. "पण तोंडातून तं निघालं ना त्याइच्या."

सकाळी पाहते तर तिची पिशवी भरलेली. ठेवणीतली साडी नेसली होती. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मूर्खासारखी ठरवत होते, रात्री स्वयंपाक कोण करेल, तिला पहिल्याच दिवशी करू द्यायचा नाही.

रविवार होता. बाबा पेपर वाचत होते. आई दाराशी थांबली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "ये, बस," म्हणाले. स्वतः उठून पाणी आणलं, पेल्याखाली बशी धरून, पाहुण्यांना देतात तसं. मामाची तब्येत विचारली. खाणीचं विचारलं. आईनं सगळ्याची उत्तरं दिली. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाबांचा आवाज आला, "उकव्याची शेवटची गाडी किती वाजता हाय?"

"चारची हाय," आई म्हणाली.

"मंग जेवून घे. वेळ हाय."

मी बाहेर आले ते ओरडतच. "बाबा, काहून असं करता? ती आली ना!"

बाबा आईकडे वळले. आईला म्हणाले, "म्या बोलावलं होतं काय तुले?"

"नाई," आई म्हणाली, आणि जेवायला बसली.

मला वाटलं होतं बाबा निदान चिडतील, दार लावून घेतील. भांडण झालं असतं तर मला परवडलं असतं. जेवण झाल्यावर त्यांनी चप्पल घातली आणि आईची पिशवी उचलली. स्टँडवर गर्दी होती. बस लागताच बाबा लोकांना सारत पुढे घुसले आणि खिडकीतून आपला रुमाल आत सीटवर टाकून जागा धरली. आई चढली, बसली. रुमाल खिडकीतून परत दिला. बाबांनी तो घडी करून खिशात ठेवला. चार वर्षं घ्यायला न गेलेला माणूस सोडायला आला होता, आणि बायकोला बसायला चांगली जागा मिळाली म्हणून त्याच्या तोंडावर समाधान होतं.