लाटांच्या तलावाची फरशी

फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि यजमान पाणी आणायला आत वळला, की यांचं बोट जमिनीवर. टक्, टक्. खाली सिमेंट नीट भरलेलं असेल तर आवाज भरीव येतो, नसेल तर बद्द. थोरल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी व्याह्यांच्या सोफ्याखाली हात घालून "तीन पोकळ आहेत" असं जाहीर केलं होतं. लग्न ठरलं ते केवळ मुलीच्या गुणांवर.

पण एका फरशीने मात्र त्यांचीच झोप उडवली होती. गावाबाहेरच्या वॉटर पार्कमधला लाटांचा तलाव त्यांनी फरशीने मढवला होता, तळापासून काठापर्यंत. चार उन्हाळ्यांत पार्क बंद पडला. "तलाव गळायला लागला म्हणे," मेहुणा दर जेवणाला विषय काढायचा, "फरशी कुणाच्या हातची होती कोण जाणे!" मिस्त्रींचा घास तोंडातच फिरायचा. अकरा वर्षं फिरत होता.

त्यांच्या पुतणीला ओसाड इमारती धुंडाळायचा छंद. तिने त्या पार्कात शिरायची परवानगी मिळवली, तसे मिस्त्री म्हणाले, "मीपण येतो."

"मग मलाही यावं लागेल," काकू म्हणाल्या. "हे एकटे गेले तर चौकीदारालाही ठोकून बघतील."

रविवारी दुपारी मिस्त्री तयार होऊन आले ते स्कूटरचं हेल्मेट, दोरखंड आणि लख्ख उन्हात पेटवलेला टॉर्च घेऊन.

"काका, हिमालयात नाही चाललो आपण," पुतणी म्हणाली. "फक्त गंजलेल्या जिन्यांवर चढू नका, आणि आधी पायाने चाचपून मग वजन टाका."

आत लाल घसरगुंड्या उन्हाने गुलाबी पडल्या होत्या. तिकिटाच्या खिडकीतून झुडूप डोकावत होतं. प्लास्टिकच्या ऑक्टोपसचे तीनच हात शिल्लक होते. पुतणी फोटो काढायला थांबली आणि वळून बघते तर काका गायब. कोरड्या तलावात पाचोळा उडवत, गुडघ्यांवर रांगत ते थेट खोल टोकाकडे निघाले होते.

"इकडे या!" त्यांची आरोळी घुमली. "भिंतच दुभंगलीय! मागची जमीन खचलीय!"

तडा काँक्रीटमधून आरपार गेला होता. त्याच्या वाटेतल्या फरश्या मधोमध चिरल्या होत्या, पण एकही तुकडा हलत नव्हता. मिस्त्रींनी नख घालून पाहिलं, चावी घालून पाहिली. घट्ट!

"गळती भिंतीची होती, फरशीची नव्हे! काढ फोटो! मेहुण्याला पाठव! आधी त्यालाच पाठव!"

"पाठवला. आता चला," काकू म्हणाल्या. "झालं ना समाधान?"

झालं होतं की. मिस्त्री शीळ घालत उथळ भागाकडे निघाले आणि लहान मुलांच्या पायऱ्यांपाशी सवयीने वाकले. टक्. टक्. बद्द.

ते पायरी-पायरीने ठोकत निघाले. पुढची बद्द. तिच्या पुढचीही.

"उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच्या आहेत या," ते हळूच म्हणाले. "घाई होती. चार कोपऱ्यांत सिमेंटचे गोळे टाकले आणि दाबून मोकळा झालो. म्हटलं, कुणाला कळतंय!"

"अहो, पण इथे कोण येणार आता पोहायला?"

"मी आलो ना."

काकूंनी वाकून पायऱ्यांकडे पाहिलं. "किती पोकळ निघाल्या?"

"आठ. पण अजून अख्खा तलाव राहिलाय."

काकूंनी सूर्याकडे पाहिलं, मग शेताएवढ्या त्या तलावाकडे. नवऱ्याचं बोट थांबायचं नाव घेत नव्हतं आणि त्याला इथून उचलून नेणं दोरखंडानेही जमलं नसतं. त्यांनी पर्स पुतणीच्या हातात दिली, बाह्या सरसावल्या आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

"ही कशी वाजतेय?"

"नख नको लावू," मिस्त्री तिकडून ओरडले, "बोट वाकव आणि हाडाने ठोक!"