झाडाला हात लावून

गिवी-सान झाडाला हात लावल्याशिवाय त्याचं नाव घेत नसत. जपानमध्ये, त्सुकुबाच्या संस्थेत पहिल्याच दिवशी मी विचारलं, "ओकला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" ते उठले, मला जिन्याने खाली अंगणात घेऊन गेले, ओकच्या खोडावर तळहात टेकवला आणि मग म्हणाले, "जिह्रा."

ते जॉर्जियातल्या, कॉकेशसच्या डोंगरातल्या स्वान लोकांपैकी. स्वान भाषेतली झाडांची नावं कुठून आली, हे शोधणं त्यांचं काम. त्या शब्दांचा डेटाबेस बांधणं माझं. मी परांड्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. त्यांनी मला कधी अडाणी वाटू दिलं नाही. "तुझे गिवी-सान झाडांशी शेकहँड करतात रे!" असं आमच्या संस्थेतला कुलकर्णी चिडवायचा.

बीचचं झाड दाखवायला त्यांनी मला त्सुकुबा डोंगराच्या माथ्यावर नेलं. "त्सिप्रा. जॉर्जियनमध्ये त्सिपेली. ही दोन नावं म्हणजे बहिणी. पण काही नावांना कुणी नातेवाईकच नाही. त्यांची मला भीती वाटते."

भूर्जाचं एक जुनं नाव गावी फक्त त्यांच्या मावशीला ठाऊक होतं.

"फोनवर विचारा ना."

"मावशीला? फोनवर? ती म्हणते, कुणाला हाक मारतोय ते झाडाला कळायला नको?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते जाणार होते. त्याआधीच त्यांच्या गावच्या खोऱ्यात लढाई पोचली. मावशीचा फोन नुसता वाजत राहिला, मग वाजेनासा झाला. गिवी-सान जेवायच्या सुट्टीत ओकवर हात ठेवून उभे राहायचे. जवळ जायचा मला धीर होईना. माझीही आई गावी एकटी. स्टेशनवरून तिला फोन लावताना, ती उचलेपर्यंत मी एकेक रिंग मोजायचो. कुलकर्णीची चेष्टा थांबली. तो रोज गुपचूप त्यांच्या टेबलावर ओनिगिरी, भाताचा मुटका, ठेवायचा.

एकदा मीटिंगमध्येच त्यांचा फोन वाजला. ते बाहेर धावले, मागोमाग मी. बोलता बोलता ते ओकच्या बुंध्याशी मटकन बसले. मला वाटलं, गेली मावशी. पण ते रडता रडता हसत होते.

"आहे! खाली सपाटीवर, एका शाळेच्या वर्गात ठेवलंय सगळ्यांना."

"आणि नाव?"

"विचारलं. असली झापली मला! म्हणाली, इथे भूर्ज कुठाय? हात कशावर ठेवू, बाकावर?" मग त्यांचं हसू विझलं. "वर परत जाता येईल, असं कुणीच म्हणत नाही रे."

करार अर्धा सोडून ते मावशीकडे निघाले. स्टेशनवर मी विचारलं, "डेटाबेसमधला भूर्जाचा रकाना?"

"मोकळा ठेव. अंदाजाने भरू नकोस."

पुढे त्यांची काही खबर आली नाही. रकाना मोकळाच आहे. माझी लेक कुठल्याही झाडाकडे बोट दाखवून "कोरे नानी?", हे काय, असं जपानीत विचारते, तेव्हा मी आधी तिचा हात खोडावर टेकवतो, मगच नाव सांगतो. आणि परांड्याचं एखादं झाड आठवून ती त्याचं नाव विचारते, तेव्हा माझा हात हवेतच राहतो.